व्हरांड्यातली वही

गेल्या वर्षी नगरला शिक्षकांच्या एका चर्चासत्रात मला निवृत्त ज्येष्ठ म्हणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. पुण्याहून आलेल्या एका तरुण प्राध्यापकांनी पडद्यावर चित्रं दाखवत सांगितलं, की विद्यार्थ्यांना ब्लॉग लिहायला लावले, एकमेकांच्या लिखाणाखाली शेरे द्यायला लावले, तर परक्या भाषेतलं त्यांचं व्यावसायिक लेखन चांगलं सुधारतं. कारण लिहिलेलं कोणीतरी खरंच वाचणार असतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. पण चहाला न थांबता मी घरी आलो.

कॉम्प्युटरचं तोंडही न पाहिलेल्या पोरांबरोबर आम्ही हेच केलं होतं. श्रीगोंदे तालुक्यातल्या एका कॉलेजच्या व्हरांड्यात, खिळ्याला सुतळीने बांधलेल्या एका जाड वहीत. ती वही आमच्याकडून काढून घेतली गेली. त्या रागाला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. तो निवेल असं मला वाटायचं. निवला नाही, म्हणून लिहितो आहे.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी बी.कॉम.च्या वर्गाला इंग्रजी पत्रव्यवहार शिकवायचो, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, आणि दर जूनला नव्याने नेमणूक. मी मूळचा कर्जतचा. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी आणि मास्तरकी. आजोबा कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहीत. अर्जाचा पहिला परिच्छेद नुसता वाकण्यात जायचा, मागणी शेवटच्या ओळीत, तीही लाजत. लहानपणी मला ते अक्षर फार सुंदर वाटायचं.

कॉलेजात आलो तेव्हा कळलं, की आजोबांचाच अर्ज आता इंग्रजीत शिकवला जातो. मुलं गाईडमधली पत्रं पाठ करायची. 'आय बेग टू स्टेट' ने सुरुवात, 'काइंडली डू द नीडफुल' ने शेवट. मधलं काही कळलं नाही तरी पंधरापैकी दहा मार्क. तिसऱ्या वर्षाचा गणेश नावाचा एक मुलगा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मुलाखतीला गेला. तिथल्या साहेबांनी त्याला सांगितलं, "आलेल्या मालातली चार खोकी फुटलेली आहेत असं पुरवठादाराला लिहा." गणेशने गाईडमधलं पत्र जसंच्या तसं लिहिलं. ते पत्र छताचे पंखे विकण्याविषयी होतं. साहेबांनी ते बाकीच्या उमेदवारांना मोठ्याने वाचून दाखवलं.

गणेश मला हे सांगत होता तेव्हा हसत होता. डोळे मात्र लाल होते. मी त्याला आदल्या वर्षी सत्तर टक्के मार्क दिले होते. मला त्या साहेबांचा राग आला, गाईड छापणाऱ्याचा आला, परीक्षकांचा आला, आणि घरी पोहोचेपर्यंत लक्षात आलं, की परीक्षक मीच होतो.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानांची वही आणली आणि व्हरांड्यातल्या पाण्याच्या टाकीशेजारी टांगली. पाणी प्यायला सगळेच येतात. नियम तीन. प्रत्येकाने आठवड्याला एक पत्र इंग्रजीत लिहायचं, खऱ्या माणसाला, खऱ्या कामासाठी. ते वाचणाऱ्याने खाली काय कळलं नाही ते लिहायचं, आणि लिहिणाऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. तिसरा नियम नावाचा. पत्राखाली आणि शेऱ्याखाली पूर्ण नाव. "निनावी पत्राला व्यवहारात किंमत नसते," असं मी वर्गात ठासून सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मला ते जन्मभर लक्षात राहिलं.

बाहेरच्यांसाठी सांगतो, धंद्याचं पत्र लिहिणं ही काही विद्वत्ता नाही. वाचणारा माणूस घाईत असतो. त्याला चार गोष्टी हव्या असतात: तुम्ही कोण, काय झालं, तुम्हाला काय पाहिजे, कधीपर्यंत. एवढं पहिल्या पाच ओळींत आलं की पत्र झालं. व्याकरण थोडं लंगडलं तरी चालतं. पण हे मुलांना सांगून कळत नाही. समोरून कोणीतरी "मला कळलं नाही" म्हणावं लागतं.

पहिलं पत्र गणेशनेच लिहिलं. त्याच्या वडिलांनी घेतलेल्या डिझेल इंजिनात एक व्हॉल्व्ह आलाच नव्हता. पत्र दोन पानी होतं. त्यात वडिलांचं गरीब असणं होतं, पाऊस नसणं होतं, कंपनीच्या थोर परंपरेचा गौरव होता. व्हॉल्व्हचा उल्लेख दुसऱ्या पानावर. खाली शेरे पडले. "इंजिन नंबर काय?" "कधी आलं?" "तुला दया पाहिजे का व्हॉल्व्ह?" हा शेवटचा शेरा सुनंदा गायकवाड या मुलीचा. गणेश दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने सहा ओळींचं पत्र लिहिलं, पोस्टात टाकलं, आणि तीन आठवड्यांत व्हॉल्व्ह पार्सलने आला. तो त्याने वर्गात आणला. पोरं तो हातात घेऊन बघत होती. इंग्रजीने काही खरं घडतं, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं होतं.

त्यानंतर वहीला थांबवणं कठीण झालं. मुलं पाणी प्यायला येत आणि वाचत उभी राहत. गावातले लिंबांचे एक आडते, शेठच म्हणत त्यांना, एकदा कलकत्त्याहून आलेलं पत्र घेऊन व्हरांड्यात आले. "मास्तर, तुमची पोरं इंग्रजीत भांडत्यात म्हनं. हे बगा, ह्यो बाबा म्हनतो माल नासका. माल नासका न्हाई, गाडी चार दिस उन्हात हुभी हुती. ते लिवून द्या." वर्गाने आठवडाभर त्यावर वाद घातला. गाडीची पावती कोणाकडे, उशीर कोणाचा, आधी काय लिहायचं. शेठ रोज दुपारी येऊन विचारायचे, "ठरलं का?" पत्र गेलं. उत्तरात कलकत्त्याच्या व्यापाऱ्याने पुढची ऑर्डर पाठवली, आणि शेठनी वर्गाला एक पोतं लिंबं. आम्ही सगळे महिनाभर सरबत पीत होतो. माझ्या नोकरीतला तो सर्वांत सुखाचा महिना.

आता टाइपरायटरचं. आमच्या अभ्यासक्रमात इंग्रजी टायपिंग सक्तीचं होतं. त्यासाठी जुलैत सहा नवे टाइपरायटर आले. प्राचार्यांनी नारळ फोडला, संस्थेच्या अध्यक्षांनी हार घातला, फोटो निघाला. ऑगस्टमध्ये ते "सर्व्हिसिंगला" गेले. दिवाळी झाली तरी आले नाहीत. विचारलं की प्राचार्य म्हणायचे, "पाठपुरावा चालू आहे." मुलं पुठ्ठ्यावर कळफलक काढून त्यावर बोटं आपटायची. तीस मुलं, तीस पुठ्ठे, आणि वर्गात आवाज नुसता टपटप. मी समोर उभा राहून "ए, एस, डी, एफ" म्हणत होतो. आज आठवलं तरी डोकं तापतं. हातात काम नाही, तोंडाने मंत्र, आणि त्याला आम्ही व्यवसाय-शिक्षण म्हणत होतो.

सुनंदा अभ्यासात वर्गात पहिली नव्हती. पण ती प्रश्न सोडायची नाही. तिचे वडील रंगनाथराव साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. गव्हाणीवर, म्हणजे जिथून ऊस आत ओढला जातो तिथे. कारखान्याचे कर्तेधर्ते आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष एकच. गायकवाडांच्या घरात तिच्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा पोरांना शिकवायचं एवढं एकच ठरवलं होतं, आणि ते ठरवणं सुनंदापर्यंत येऊन पोहोचलं होतं. रोज सहा किलोमीटर सायकलने यायची.

जानेवारीत एका सोमवारी तिने वहीत पत्र लिहिलं. प्राचार्यांना. विषय: सहा इंग्रजी टाइपरायटर कुठे आहेत याबाबत. पाच ओळी. कधी आले, कधी नेले, परीक्षा कधी, ते कधी परत येतील हे शुक्रवारपर्यंत कळावं. खाली पूर्ण नाव.

एकही चूक नव्हती. मी ते वाचलं आणि पहिली भावना अभिमानाची होती. दुसरी भीतीची. पण तिसऱ्या तासाला पाहतो तर खाली शेरे पडायला लागले होते. एकाने लिहिलं, अध्यक्षांच्या बंगल्यावरच्या कचेरीत दोन आहेत, मी वडिलांबरोबर गेलो होतो तेव्हा पाहिले. दुसऱ्याने लिहिलं, त्यांच्या जावयांच्या पतसंस्थेत एक. आणखी दोघांनी उरलेल्या तिन्हींचा पत्ता दिला. सगळ्यांनी नियमाप्रमाणे नावं लिहिली होती.

वही बुधवारी शिपायाने सुतळी कापून नेली.

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वही टेबलावर होती. "हा अभ्यास आहे की वर्तमानपत्र?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. ते वाईट माणूस नव्हते, हे लोक मला नेहमी सांगतात. माझं म्हणणं, वाईट नसलेल्या माणसांनीच ही कामं केली.

मी म्हणालो, "सर, पत्रलेखनाचा सराव आहे."

"सराव काल्पनिक विषयावर होतो. ही मुलगी कोण ते मला शोधावंही लागलं नाही, तुम्हीच सही करायला शिकवलीत. अध्यक्षसाहेबांपर्यंत गेलंय हे. तिचं हॉल तिकीट मी थांबवलंय. लेखी माफी द्यायला सांगा. इंग्रजीत असू द्या, फाइलला लावायची आहे. आणि तुमच्या जूनच्या नेमणुकीचंही बघावं लागेल मला."

इथे मी काय बोलायला हवं होतं ते मी त्यानंतर हजार वेळा बोललो आहे. आंघोळ करताना, चालताना, रांगेत उभा असताना. सर, टाइपरायटर कुठे आहेत? एवढंच. त्या दिवशी मी म्हणालो, "देईल ती लिहून."

सुनंदा टाकीजवळ उभी होती. मोकळ्या खिळ्याकडे बघत. मी तिला सांगितलं. शहाणपणाच्या आवाजात सांगितलं: परीक्षा तोंडावर आहे, चार ओळींचा प्रश्न आहे, व्यवहारात कधीकधी नमतं घ्यावं लागतं.

ती म्हणाली, "सर, मी चुकीचं काय लिहिलं?"

"चुकीचं काही नाही. पण पद्धत असते."

"मग माफी कशाची लिहू?"

मी म्हणालो, "माफीचं पत्र अभ्यासक्रमात आहे. शिकवलंय मी. चूक नेमकी काय ते लिहायचं, कशी झाली ते लिहायचं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार ते लिहायचं." असं म्हणून मी तासाला निघून गेलो. तिला तिथेच टाकून.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी रंगनाथराव माझ्या खोलीवर आले. पाळी सुटल्यावर सरळ आले होते, अंगाला मळीचा वास होता. खुर्चीवर बसले नाहीत, उंबऱ्यावर टेकले.

"सर, एक इचारायचं हुतं. पोरीनं खोटं लिव्हलं का काय?"

"नाही. खोटं काही नाही."

"कुनाला शिव्या दिल्यात?"

"नाही."

"मंग माफी कशापायी?"

मी त्यांना हॉल तिकीट समजावलं. वर्ष वाया जाईल म्हणालो. त्यांच्या नोकरीचंही सुचवलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "माज्या नोकरीचं मला म्हाईत हाय. ते मी बगीन. तुमी मास्तर हाय. मी फक्त तुमाला इचारायला आलो, की तुमच्या मतानं तिनं माफी मागावी का न्हाई."

मी म्हणालो, "मागावी."

"बरं," ते म्हणाले, आणि उठले.

दोन दिवसांनी सुनंदाने पत्र दिलं. मला न दाखवता, थेट प्राचार्यांच्या टेबलावर. त्यांनी ते माझ्यासमोर उघडलं. त्यांचा विषय रसायनशास्त्र, इंग्रजीशी त्यांचं बेताचंच जमायचं. त्यांनी 'अपॉलॉजी' हा शब्द पाहिला, खाली सही पाहिली, "इंग्रजी बरं आहे मुलीचं" म्हणाले, आणि माझ्याकडे दिलं. फाइलला लावा म्हणून. मी वाचलं. मराठीत सांगायचं तर ते असं होतं:

विषय: सहा टाइपरायटरांबाबत विचारणा केल्याबद्दल माफी. आपल्या सूचनेनुसार मी माफी मागते. माझी चूक अशी, की आमच्या अभ्यासक्रमासाठी जुलैत आलेले सहा टाइपरायटर ऑगस्टपासून वर्गात नाहीत, आणि ते कुठे आहेत असं मी लेखी विचारलं. चार विद्यार्थ्यांनी ते कुठे आहेत हे नावानिशी लिहिलं. ती वही आपल्या ताब्यात आहे. ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून मी पुठ्ठ्यावरच सराव करत राहीन. टाइपरायटर परत आले तर विचारण्याचं कारण उरणार नाही.

माझ्या तिन्ही सूचना तिने तंतोतंत पाळल्या होत्या. मी प्राचार्यांकडे पाहिलं. ते दुसऱ्या कागदावर सही करत होते. मी ते पत्र फाइलला लावलं. माझ्या हातून त्या प्रकरणात झालेली एकमेव बरी गोष्ट हीच, की मी तोंड बंद ठेवलं. तेसुद्धा धैर्याने नाही. मला बोलायचीच सवय नव्हती.

हॉल तिकीट मिळालं. फेब्रुवारीत विद्यापीठाची तपासणी समिती आली. अशा समित्या जेवतात, हार घेतात आणि जातात. पण या वेळी समितीत वाणिज्य शाखेच्या एक वयस्क बाई होत्या, त्यांना जेवणापेक्षा फाइलींत रस होता. मी बाजूला उभा होतो. त्यांनी सुनंदाचं पत्र वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं, आणि प्राचार्यांना शांतपणे विचारलं, "पुठ्ठ्यावर सराव म्हणजे काय?"

प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले. बाई म्हणाल्या, "त्यांना नका बघू. मला वर्ग दाखवा."

वर्गात तीस पुठ्ठे होते. बाईंनी एक उचलला, बोटाने त्यावरची शाई पुसते का ते पाहिलं. "समिती संध्याकाळपर्यंत इथेच थांबेल," त्या म्हणाल्या. चार वाजता जीपमधून सहाही टाइपरायटर आले. एकाची दांडी वाकलेली, दोन मशीनच्या रिबनी वाळून गेलेल्या, एकात कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचा अर्धवट मसुदा तसाच अडकलेला. बाईंनी सुनंदाला बोलावून घेतलं, चालू मशीनवर बसवलं आणि टाइप करायला सांगितलं. तिला जमेना. खऱ्या कळा दाबायला जोर लागतो, पुठ्ठ्याला लागत नाही. तिची बोटं घसरत होती. ती रडली नाही, पण तिचे कान लाल झाले. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त संताप आला तो त्या क्षणी. एवढं लढून मशीन समोर आलं, आणि ज्यांनी ते पळवलं होतं ते मागे उभे राहून तिची चूक बघत होते.

दीड महिना होता. मुलांनी पाळ्या लावून सराव केला. टायपिंगमध्ये तीसपैकी बहुतेक पास झाली, सुनंदाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगण्यात मला आनंद नाही. माझी नेमणूक जूनमध्ये झाली नाही. मी नगरला दुसरीकडे लागलो, बरं चाललं. वही मी दोनदा मागितली. पहिल्यांदा "शोधतो" म्हणाले, दुसऱ्यांदा रद्दीत गेल्याचं कळलं. मी रद्दीवाल्याकडे गेलो. त्याने गठ्ठे दाखवले, म्हणाला, "सर, पुड्या झाल्या असत्याल आतापोतर." दोनशे पानं, तीस मुलांचं अक्षर. अध्यक्ष पुढच्या निवडणुकीत पुन्हा निवडून आले. आणि ऑक्टोबरात कारखान्याचा हंगाम सुरू झाला तेव्हा रंगनाथरावांना बोलावणं आलं नाही. वीस वर्षं दर हंगामाला येत होतं. कारण कोणी सांगितलं नाही, आणि लेखी तर नाहीच.

नगरला माझे सहकारी ही गोष्ट ऐकून म्हणायचे, "काय तयार केलीत हो विद्यार्थिनी." आणि ते कौतुक मी हसून घ्यायचो. दोन-तीन वर्षं घेतलं. मग एकदा माझीच मला किळस आली, आणि रविवारी एसटी धरून मी गायकवाडांच्या वस्तीवर गेलो.

सुनंदा सुप्याला एका कारखान्यात खरेदी विभागात लागली होती, सुट्टी म्हणून घरी होती. रंगनाथराव दुसऱ्याच्या बागेत लिंबं तोडायला जात होते. हातांवर काट्यांचे ओरखडे होते. मी जे बोलायला गेलो होतो ते बोललो. म्हणालो, "त्या दिवशी मी तुम्हाला 'माफी मागावी' म्हणालो, ते चुकीचं होतं. मला माझ्या नेमणुकीची भीती होती. तुमची नोकरी गेली, माझ्या नियमामुळे गेली."

सुनंदा चहा घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली. रंगनाथरावांनी एक कप माझ्यापुढे सरकवला.

"नोकरीचा दोस तुमच्याकडं न्हाई," ते म्हणाले. "ते मला आधीच दिसत हुतं. आन भ्यायचं म्हनाल तर आमी बी भ्यालो हुतो. त्यात काय. पन सर, तुमी तिला सांगायला पायजे हुतं, की मी भ्यालोय म्हनून. तुमी पद्धत सांगितली. चार दिस पोरगी जेवली न्हाई. तिला वाटलं, आपलंच कायतरी चुकलं."

मी सुनंदाकडे पाहिलं. ती नाही म्हणेल, सावरून घेईल असं मला वाटलं. मुली सावरून घेतात.

ती म्हणाली, "हो सर. तसंच वाटलं होतं."